सुनंदाबाईंचा तिसरा प्रश्न

तोंडात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी आणि ओठ ताणून धरणारी प्लॅस्टिकची कड असताना माणसाला प्रश्न विचारू नयेत, ही साधी गोष्ट आमच्या सुनंदाबाईंना शेवटपर्यंत पटली नाही. माझ्या खुर्चीत दातांना तारा लावून घ्यायला बसलेल्या पोराच्या दप्तरातून जाडजूड इंग्रजी पुस्तक डोकावलं, वर ड्रॅगन नाहीतर काळा झगा घातलेली मुलगी दिसली, की बाई बाहेरचं टेबल सोडून आत आल्याच म्हणून समजा. खुर्चीच्या पायथ्याशी उभं राहून पहिला प्रश्न, "किती भाग हायत?" पोरगं बोटं दाखवायचं. चार, सात. एका मुलीने एकदा दोन्ही पंजे दाखवून वर आणखी तीन बोटं दाखवली, तेव्हा "आत्ता गं बया!" म्हणून बाई स्टुलावर बसल्याच. दुसरा प्रश्न, "लिहून संपलीत न्हवं?" अंगठा वर म्हणजे संपलीत, खाली म्हणजे लिहिणारा अजून लिहितोय. तिसरा प्रश्न विचारताना मात्र त्या आवाज खाली आणायच्या. "त्यातल्या पोरीची आई शेवटपतोर तीच ऱ्हाती, का दुसरीच कोन निघती?"

याचं उत्तर अंगठ्याने देता येत नाही. पोरं मान हलवायची, हातवारे करायची, काही जण नळीसकट बोलायला जायची आणि मी दातावर बसवत आणलेला तुकडा घसरायचा. "सुनंदाबाई, बाहेर!" मी ओरडायचो. "जातो की, जातो. ओरडताय कशाला?" म्हणत त्या निघायच्या आणि दारात थांबून पोराला सांगायच्या, "झालं की बाहेर ये, सावकाश सांग." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला त्याची गंमत वाटते, आम्हाला काही वाटत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका गल्लीत पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वरच्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लासेस, त्यामुळे तारा लावायच्या वयाची पोरं जिन्यातच सापडतात. सुनंदाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी कॉम्प्रेसर उघडून जमिनीवर बसलो होतो. मेकॅनिक दोन दिवस येतो येतो म्हणत होता आणि मला तेवढा धीर नव्हता. दारातून आवाज आला, "पावणं, डॉक्टर कुठं हायत?" मी म्हणालो, "मीच." बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग असं गवंड्यागत का बसलाय?" ही आमची पहिली भेट.

कामावर ठेवण्याआधी चार प्रश्न मी विचारायचे, तर बाईंनीच सांगून टाकलं. बारावी पास. नवरा गेलेला. हातकणंगल्यात सासूबाईंजवळ राहतात, सकाळच्या पॅसेंजरने येतील आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने जातील. "आन मधल्या येळंत मी वाचत बसनार. चाललं का? न्हाय चाललं तर आत्ताच सांगा, उगं दोघांचाबी खोळंबा नको." मला बाईंचा हा फटकळपणा आवडला नव्हता, तो उपयोगी पडेल असं वाटलं होतं. पोराला खुर्चीत बसवून आतबाहेर करणाऱ्या आया मला नको होत्या आणि त्यांना बाहेर बसवून ठेवायला असंच माणूस हवं होतं. तो अंदाज बरोबर ठरला.

पहिली पाच वर्षं बाई मासिकं, दिवाळी अंक, भाजीच्या कागदावरच्या बातम्या, हाती लागेल ते वाचायच्या. मग एकाएकी जादूच्या पुस्तकांवर आल्या. तीही सुटी नव्हे, मालिका. एक संपली की दुसरी. आधी मराठीत भाषांतर झालेली वाचली, ती संपल्यावर थेट इंग्रजीवर उडी घेतली. पॅसेंजरमध्ये, टेबलामागे, डबा खाताना, पेन्सिल हातात धरून शब्दांखाली रेघा मारत. अडलं तर मला विचारायच्या. मला दातांखेरीज इंग्रजी येत नाही. पंखवाल्या सिंहाला काय म्हणतात हे मला कुठून माहीत असणार? मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "असू द्या, पुढच्या पानावर कळंल," आणि पुढच्या पानावर त्यांना कळायचंही.

ही पुस्तकं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली असतात, पण बाई ती शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईच्या नजरेने वाचायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या राजाकडं चाळीस ड्रॅगन हायत. मला सांगा, शेन कोन काढतंय?" मी म्हणालो, मला काय ठाऊक. "तुमास्नी न्हाय, आन लिहिनाऱ्यालाबी न्हाय. चार म्हशी असल्या तर मानसाचं कंबरडं मोडतंय." दुसऱ्या एका मालिकेत दोनशे वर्षांचं देखणं पिशाच कॉलेजात येऊन एका मुलीच्या प्रेमात पडतं. त्यावर बाईंचा आक्षेप वेगळाच होता. "दोनशे वर्सं झाली आन अजून कॉलेजातच? एवढ्या वर्सांत पास होईना व्हय ह्यो?" जग वाचवायला घर सोडून निघालेल्या मुली तर त्यांच्या खास रागाच्या. "निघाली तलवार घिऊन! डबा कोन दिला हिला? सा भाग झाले, ही बया जेवलेली एकदाबी दाखवलं न्हाय." असं बोलायच्या आणि पुढचं पान उलटायच्या. पुस्तक अर्धवट टाकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

वर्षभर मला वाटत होतं, बाईंना हे वयाच्या मानाने जरा अवेळीच वेड लागलंय. खरं काय ते एका एक्स-रेने कळलं.

बाईंची थोरली बहीण नेसरीला दिलेली. बाई तिला अक्का म्हणतात. घरची शेती, गोठ्यात म्हशी, दूध डेअरीला जातं. या अक्का आपल्या मुलीला, ऋतुजाला, तारा लावायला माझ्याकडे घेऊन आल्या. मुलगी सातवीत होती, बारीक, गप्प, हातात पुस्तक. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूला फटी दिसत होत्या. एक्स-रे काढला तर तिथले दोन छोटे दात तिला मुळातच नव्हते. पडले नव्हते, उगवायचे राहिले नव्हते, हाडात त्यांचं बीजच नव्हतं. हे घराण्यात चालत येतं. म्हणून केसपेपरवर लिहायला मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात आणखी कुणाला असं आहे का? आई, वडील, मामा, मावशी?"

अक्का म्हणाल्या, "न्हाय. आमच्यात कुनालाबी न्हाय."

सुनंदाबाई तिथेच, माझ्या डाव्या हाताला उभ्या होत्या. बाईंचे तेच दोन दात नाहीत, हे मी पाच-सहा वर्षं रोज पाहत होतो. मावशीचे आणि भाचीचे दात सारखे असणं यात विशेष काही नाही. 'हिच्या मावशीला आहे की' एवढंच अक्कांनी म्हटलं असतं तर मी तेवढं लिहून पुढे गेलो असतो. त्या नाही म्हणाल्या आणि सुनंदाबाईही तोंड मिटून उभ्या राहिल्या. खुर्चीतली मुलगी माझ्या हातातल्या एक्स-रेकडे पाहत होती. मी 'नाही' असं लिहिलं.

मायलेकी गेल्यावर मी बाईंना विचारलं, "तुमच्या बहिणीला तुमचे दात माहीत नाहीत?"

"म्हाईत हायत की. ल्हानपनी फटफटी म्हनून चिडवायची मला." मग बाईंनी दार ओढून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. "मालक गेले तवा पोरगी चौदा म्हयन्यांची. अक्काच्या लग्नाला बारा वर्सं झालती, मूल न्हाय. मोठी मानसं बसली, चा पिली, आन ठरवलं. मला म्हनाली, तुझं दुसरं लगीन करू, तुझं वय हाय, पोर अक्काला दे. पोर दिली. लगीन मी केलं न्हाय. अट एकच. पोरीला कळता कामा न्हाय. कळलं त्या दिवशी माझं नेसरीला जानंयेनं बंद, तिनं हिकडं यायचं बंद. अक्का वाईट न्हाय हो. तिला भ्या वाटतंय." एवढं सांगून बाईंनी दार उघडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग त्या पुस्तकांचाही उलगडा झाला. अकरा वर्षांची असताना ऋतुजाला कुठल्याशा चुलतभावाकडून एका जादूच्या मालिकेचा पहिला भाग मिळाला होता. सुट्टीत सुनंदाबाई नेसरीला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, ह्याचा दुसरा भाग कोल्हापुरात घावंल का?" बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, जन्मात पयल्यांदा तिनं माझ्याकडं कायतरी मागितलं. अक्काकडं न्हाय, माझ्याकडं." बाईंनी भाग शोधले, दुसरा आणि तिसरा एकदमच आणले आणि देण्याआधी पॅसेंजरमध्ये वाचायला घेतले. तिसऱ्याच्या शेवटी ती गरीब मुलगी खरी राणीची मुलगी निघते. लहानपणी दुसऱ्यांच्या घरी ठेवलेली. बाई मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसून होत्या, हातकणंगले मागे गेलं तरी उतरल्या नाहीत. दोन्ही भाग स्वतःकडेच ठेवले आणि ऋतुजाला सांगितलं, पुढचे भाग मिळत नाहीत, छापायचेच बंद झालेत.

मुलीला मालिकाच हव्या होत्या. आणि ह्या मालिकांचा एक खोडसाळपणा असा, की दहांतल्या नऊंमध्ये कुणाची तरी आई नाहीतर बाप वेगळाच निघतो. न्हावी असो की राजा, दर घरात एक लपवलेलं मूल. म्हणून तो तिसरा प्रश्न. बाईंची रीतच पडली. नवी मालिका कळली की आधी शेवटचा भाग मिळवायचा, तो वाचायचा, मग उलटं येत येत पहिल्यावर यायचं. सगळे भाग हातावेगळे झाल्याशिवाय एकही नेसरीला जायचा नाही. अपुरी मालिका तर दारातूनच परत. "लिहिनाऱ्याचा काय भरवसा? शेवटी त्यास्नी बी तेच सुचतंय." एका मुलाने खुर्चीतून खुणेने सांगितलं, की ह्यात नायकाची आई पहिल्याच पानावर मेलेली आहे, तर बाई खूश. "मेलेली चाललं. मेलेली परत आली न्हाय म्हंजे झालं."

मी एकदा म्हणालो, "एवढा जीव काढण्यापेक्षा तिला विज्ञानाची, नाहीतर चोर-पोलिसांची पुस्तकं द्या की." बाई माझ्यावरच उखडल्या. "तिला हेच आवडतंय. मी काय तिला शिकवायला बसलोय व्हय? तिनं मागितलेलं द्यायचं, एवढंच तर माझ्या हातात हाय." त्यानंतर मी या विषयात तोंड घातलं नाही.

महिन्यातून एकदा तारा आवळायला मायलेकी नेसरीहून एसटीने यायच्या. अक्का तेवढ्यात औषधं, पेंड, बियाणं असली कामं उरकायला बाजारात जायच्या आणि ऋतुजा टेबलापाशी मावशीबरोबर बसायची. गप्प मुलगी तिथे धबधब्यासारखी बोलायची. कुठला जादूगार खोटारडा, कुठला लांडगा बिचारा, कोणत्या भागात लेखकाने आळस केला. बाई मध्येच "पन त्याला थंडी वाजत न्हवती का?" असलं काही विचारायच्या आणि दोघी हसायच्या, दोघींच्याही दातांत त्याच दोन फटी. मी आधीच्या पेशंटला मुद्दाम लांबवायचो. दात एकदा घासायचा तो दोनदा घासायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाईंना कळलं असेल तर त्यांनीही दाखवलं नाही.

चूक झाली ती तिसऱ्या वर्षी. ऋतुजाची दहावी. परीक्षेनंतर मोठी सुट्टी येणार होती आणि बाईंकडे पास झालेलं एकही पुस्तक उरलं नव्हतं. चार मालिका नापास झाल्या होत्या. त्याच वेळी वाऱ्याशी बोलणाऱ्या एका मुलीची मालिका त्यांच्या हाती लागली. चार भाग झालेले, पाचवा यायचा होता. म्हणजे अपुरी. पण बाईंना ती इतकी आवडली, की मला न विचारताच गोष्ट सांगत बसल्या. त्यात किल्ल्यात रोज संध्याकाळी दिवे लावणारी एक बाई आहे. "लई ग्वाड बाई हाय. कुनाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय. दिवं लावती आन जाती." चारही भागांत आईचं प्रकरण कुठे नव्हतं. आई होती, घरात होती, भांडत होती, स्वयंपाकही करत होती. बाईंनी स्वतःचाच नियम मोडला आणि चार भाग पिशवीत घालून नेसरीला दिले.

दोन महिन्यांनी आमच्या खुर्चीतल्या एका मुलीच्या मांडीवर पाचवा भाग दिसला. बाई आत आल्या. पहिला प्रश्न विचारायची गरज नव्हती. दुसऱ्याला अंगठा वर आला. तिसऱ्याला त्या मुलीने डोळे मोठे केले, दोन्ही हातांनी काडी ओढून दिवा लावायची खूण केली आणि मग छातीवर हात ठेवून मान हलवली. मलासुद्धा कळलं. सुनंदाबाई "बरं बरं" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्या फोन हातात धरून बसल्या होत्या. ऋतुजाशी बोलून झालं होतं. मैत्रिणीच्या मोबाईलवर तिला पाचवा भाग मिळाला होता. "निम्मा झालाय म्हनाली. लई भारी चाललाय म्हनाली."

पुढचे आठ दिवस बाईंनी माझ्या दवाखान्याची वाट लावली. एका वेळी दोन-दोन पेशंट बोलावले, एकाला रविवारची वेळ दिली, तो बिचारा बंद दाराशी येऊन गेला. मी रागावलो तर ऐकून घ्यायच्या. बाई ऐकून घेतात हे पाहून मलाच चुकल्यासारखं व्हायचं. एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, तिनं घरात इचारलं तर? अक्काला तोंडावर इचारलं तर?" मी म्हणालो, "पुस्तकातल्या बाईचं वाचून कुणी आपल्या आईला विचारत नाही." "ती तुमच्यागत न्हाय. ती वाचलेल्याचा इचार करती." आणि थोड्या वेळाने, "ती आलीच न्हाय तर?" तारा काढायचा दिवस ठरलेला होता. मी म्हणालो, "तोंडात लोखंड घेऊन कुठे जाईल? येईलच."

ती आली. अक्काही आल्या. त्या दिवशी अक्का बाजारात गेल्या नाहीत, बाहेरच बसल्या. माझी असिस्टंट रजेवर होती, म्हणून नळी धरायला सुनंदाबाईंनाच आत घेतलं. तारा काढतानाचा कटकट आवाज अर्धा तास चालला. चूळ भरून झाल्यावर ऋतुजाने हातात आरसा घेतला, दात पाहिले, जीभ फिरवली. मग आरसा खाली न ठेवताच म्हणाली, "मावशी, पाचवा वाचला."

बाईंनी नळी ट्रेमध्ये ठेवली. "बरं. कसा हाय?"

"बरा हाय. चौथा जास्त चांगला होता." आरशातून ती मावशीकडे पाहत होती. "ती दिवे लावणारी बाई तिची आई निघती."

"व्हय. कळलं मला."

"मला दुसऱ्याच भागात कळलं होतं. सगळ्या पुस्तकात ती एकटीच त्या पोरीला विचारती, जेवलीस का म्हणून."

मी तिथून निघून जायला हवं होतं. खरं सांगायचं तर गेलो नाही. मी उगाच चिमटे एका रांगेत लावत राहिलो.

"मावशी, शाळेत पोरी आणतात त्या सगळ्या पुस्तकांत असं असतंय," ऋतुजा म्हणाली. "कुणाची ना कुणाची आई दुसरीच निघती. तू दिलेल्या एकाबी पुस्तकात न्हवतं. एकाबी! आधी वाटलं, असंल. मग वाटलं, मावशी असली पुस्तकं शोधून तरी कुठनं आणती? आन कशासाठी?" तिने आरसा खाली ठेवला. "सातवीत डॉक्टरांनी विचारलं तवा आई न्हाय म्हणाली. तू हितंच हुबी होतीस. तवा शंका आलती. बाकीचं तुझ्या पुस्तकांनी सांगितलं."

सुनंदाबाईंचा चेहरा मी बघितला नाही. आवाज ऐकला, तो साधाच होता. "घरात बोललीस?"

"न्हाय. आईला कशाला बोलू? तिला किती वाईट वाटंल! तूबी बोलू नको, मावशी. मला ठाऊक हाय हे आईला कळू द्यायचं न्हाय. शप्पत घे."

त्या बाईने पंधरा वर्षांच्या पोरीपुढे गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेवढ्यात अक्कांनी दारातून डोकावून विचारलं, "झालं का गं?" "झालं अक्का, ये. बघ कशी दिसती," सुनंदाबाई म्हणाल्या. अक्कांनी मुलीची हनुवटी धरून तिला खिडकीकडे वळवलं, दात पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला. "गुनाची बाय माझी," त्या म्हणाल्या. सुनंदाबाई मागे कापसाचे बोळे गोळा करत होत्या.

मला राग आला होता. कुणाचा ते ठरवता येईना. मोठी मंडळी बसली, चहा प्यायली, त्यांचा असेल. तीन वर्षं सगळं मनात ठेवून टेबलापाशी हसत बसणाऱ्या पोरीचा असेल. माझ्या त्या फालतू प्रश्नाचाही असेल. दोघी गेल्यावर बाई बेसिनपाशी हत्यारं धूत होत्या. मी म्हणालो, "सुटलात एकदाच्या."

"सुटलो कसला? इतकी वर्सं वाळवान राखत बसलो, आन कावळा कवाच खाऊन गेलता." मग पाणी बंद करून म्हणाल्या, "पन मावशीच म्हनाली बघा. ठाऊक असून मावशीच म्हनाली."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. न्हाय कसं वाटंल?" एवढंच म्हणून त्यांनी हत्यारं पुसायला घेतली. त्यानंतरची दोन वर्षं त्या माझ्याकडे होत्या. मालिका शोधणं थांबलं नाही, फक्त आता त्या कुठलीही द्यायच्या, आणि ऋतुजाही त्यांना सुचवायला लागली.

बारावीनंतर ऋतुजा पुण्याला शिकायला गेली, आणि त्याच पावसाळ्यात अक्कांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बाईंच्या सासूबाई तोवर गेल्या होत्या. बाई एका सकाळी आल्या, टेबलाचे खण साफ केले आणि म्हणाल्या, "नेसरीला चाललो. अक्काला बघायला घरात दुसरी बाई न्हाय. दुसरं मानूस बघा." मी म्हणालो, थोडे दिवस थांबा. "आजारी मानूस थांबतंय व्हय?" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या जागी आता एक शांत मुलगी आहे. ती कुणाला काही विचारत नाही. पोरं मुकाट्याने तोंड उघडून बसतात, काम लवकर होतं, आणि मला ते बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी नेसरीला फोन केला. ऋतुजाला अठरा पूर्ण झाली, आता त्या दोन फटींत पक्के दात बसवता येतील, हे सांगायचं होतं. ती सुट्टीला घरीच होती. बाईंनी फोन घेतला, वेळ वगैरे ठरली, आणि मग त्या बोलता बोलता अंगणात आल्या असाव्यात, कारण मागे म्हैस ओरडली.

"डॉक्टर, एक झालंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परवा अक्काचं अंग पुसत होतो. ती म्हनती कशी, सुनंदे, पोरीला सगळं ठाऊक हाय गं. दहावीत असल्यापासनं ठाऊक हाय. तुझ्याकडं बघायची तिची नजर मला कळती. पन मला कळलंय हे तिला सांगू नको, जिवाला लावून घील. माझ्याकडनं शप्पत घेतली."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? पोरगी म्हनती आईला सांगू नको, अक्का म्हनती पोरीला सांगू नको. मी दोघींच्या मधी बसून भाकरी वाढतो."